टायरवरचे चार आकडे

लेखन हा माझा प्रांत नव्हे. साठीनंतर हे धाडस करीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

माझी मुलगी रोज स्वतः गाडी चालवत जळगावहून अमळनेरला नोकरीसाठी जाते. गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले, म्हणून नवे घेण्यास मी गेले. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तयार झाला, हे त्याच्या कडेवर चार आकड्यांत कोरलेले असते. वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते आणि टायर धावताना फुटू शकतो, हे मी वाचले होते. मी संकोचतच ते आकडे दाखवायला सांगितले.

“अक्का, टायर काय दूध शे का नासाले?” दुकानदार म्हणाला. बाकावरची गिऱ्हाइके हसली. मीही हसले, आणि याचाच मला अजून राग येतो.

मी पुढे काही म्हणेपर्यंत चारही टायर बसवून झाले होते. घरी आल्यावर वाकून पाहिले. तीन टायर याच वर्षीचे निघाले. चौथ्याचे आकडे आतल्या बाजूला गेले आहेत. बॅटरीचा उजेड टाकूनही वाचता येत नाहीत. मुलगी म्हणते, “आई, सोड ना आता!” उद्या सकाळी ती त्याच गाडीने निघेल.

ते चाक पुन्हा उतरवून दाखवा, असे त्या दुकानदाराला तुम्ही कसे सांगितले असते?