आंटींचं घानातलं काम

आमच्या घरमालकीण आंटींना पाच मिनिटं गप्प बसवू शकेल असं माणूस मरोळ ते मुलुंड अजून जन्मलेलं नाही. ते शेवटी घानातल्या एका खेड्यात निघालं, आणि मी ते या डोळ्यांनी पाहिलं.

मरोळ गावठाणात त्यांच्या माळ्यावर मी सहा वर्षं भाड्याने राहते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी कुणालाही अभिमानाने सांगते; पण आंटींना सांगावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी, बॅग खाली टेकायच्या आत, त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं होतं. दारात येईल त्याची उलटतपासणी, हा त्यांचा रविवारच्या चर्चमधल्या मिस्साइतकाच पक्का नेम. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा, आणि आंटी विचारतायत, "लग्न झालं काय रे? आई कुठं असते?" तो म्हणतो, "आंटी, आधी सिलिंडर तर ठेवू द्या!" "ठेव ना, मी काय धरून ठेवलाय?" दुसरी खोड हात लावायची. परक्याच्या घरातसुद्धा वाकडी तसबीर सरळ करतील, उतू जाणारं दूध उतरवतील आणि न विचारता आमटीत मीठ टाकतील. ते मीठ दर वेळी बरोबरच पडतं, त्यामुळे बोलायचीही सोय राहत नाही.

गेल्या वर्षी कंपनीने मला औषधांच्या कामासाठी घानाला पाठवायचं ठरवलं. आंटींची मुलगी तिथेच एका खेड्यात सिस्टर, म्हणजे नन आहे, मिशनचा दवाखाना चालवते. आंटी म्हणाल्या, "मी पण येते."

"आंटी, ते काय इथल्या इथे मढला जाण्यासारखं आहे?"

"कळतंय गो मला. चौदा वर्षं झाली तिला तिकडं जाऊन. आता पोरीला घेऊनच येते."

"सिस्टर लोकांना असं उचलून आणता येतं?"

"बिशपशी मी बोलते."

मला बिशपची काळजी वाटली. माझं शहरातलं काम आटपून आम्ही खेड्यात पोचलो, पण दोन दिवस आंटींना तो विषय काढायला फटच मिळेना. मुलगी सतत दवाखान्यात. काही बोलायला जावं तर, "मम्मी, थांब हं, पेशंट आहे." तिसऱ्या दिवशी दुपारी ती आम्हाला गावचं म्युझियम दाखवायला घेऊन गेली.

म्युझियम म्हणजे जुन्या शाळेच्या दोन पत्र्याच्या खोल्या. ढोल, टोपल्या, पुरुषभर उंचीची मुसळं, आणि भिंतीला कलती करून ठेवलेली कोरीव लाकडी स्टुलं. ती अशी कोण पाडून गेलं म्हणत आंटींनी भराभरा चार सरळ केली. म्युझियम सांभाळणारे म्हातारे मास्तर धावत आले. मुलीने समजावलं, "मम्मी, रिकामं स्टूल सरळ ठेवलं तर भटका आत्मा येऊन बसतो, म्हणून कलतं ठेवतात." मला वाटलं, आता वाद होणार. पण आंटींनी निमूट चारही कलती केली. "मग आधी सांगायचं ना. आपल्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत, तसंच हे."

मग मास्तरांनी आम्हाला पाहुण्यांची रीत दाखवायला अंगणात बसवलं. बघायला गावातल्या दहाबारा बायका समोर येऊन बसल्या. रीत अशी, की पाहुण्याला आधी पाणी द्यायचं. तो ते पिऊन, दम खाऊन होईपर्यंत घरच्याने काही विचारायचं नाही, पाहुण्यानेही कामाचं बोलायचं नाही. मग विचारायचं, 'कशासाठी येणं केलंत?' आणि पाहुण्याने खरं ते सांगायचं. आंटी पाणी प्यायल्या आणि खरोखरच गप्प बसल्या. बायका आपसात बोलत होत्या, मुलगी त्यांच्या भाषेत त्यांना चिडवत होती, त्या खिदळत होत्या. एकीने बोलता बोलता मुलीच्या डोक्यावरचा, वाऱ्याने सरकलेला व्हेल सरळ केला, आपल्याच घरच्या मुलीचा करावा तसा. आंटी बघत होत्या.

मास्तरांनी विचारलं. भाषांतर मुलीलाच करायचं होतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मम्मी, ते विचारतायत, तू कशासाठी आलीस?" आई खरं कशासाठी आली ते तिला माहीत असावं.

आंटींनी घसा साफ केला. "सांग त्यांना, पोरगी नीट जेवते की नाय ते बघायला आले."

मुलीने एकदा आईकडे पाहिलं. मग तिने सांगितलं, तशा सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, हातवारे करायला लागल्या.

"काय म्हणतात गो?"

"म्हणतात, आम्ही रोज वाढतो, हीच खात नाही. आता तूच हिला रागव."

आंटींनी तिथल्या तिथे, भर अंगणात, आपल्या चाळिशीतल्या मुलीला मरोळच्या मराठीत झाडून काढलं. बायकांना अक्षर कळलं नाही, पण प्रत्येक वाक्याला त्या माना डोलवत होत्या.

परतीच्या विमानात मी न राहवून विचारलंच, "आंटी, तिला आणायला गेला होतात ना? मग मागितलं का नाही?"

"मागणार होते," त्या म्हणाल्या. "पण त्या सगळ्या समोर बसलेल्या. त्यांच्या दारात बसून, त्यांच्याच माणसाला कसं मागू?"

एवढं बोलून त्या खिडकीकडे वळल्या. खाली नुसते ढग होते. तरी मुंबई येईपर्यंत त्या खालीच बघत होत्या.