फुकट वाटलेली झोप

"हळू बोल ना, आई."

"का? का हळू बोलू? कोण झोपलंय? या घरात दिवसा झोपणारी बाई एकच, आणि ती तुझ्यासमोर उभी आहे. टक्क जागी!"

पण हेसुद्धा आई कुजबुजतच बोलली. दात आवळून, मानेच्या शिरा ताणून, पण कुजबुजत. सवयच तशी होती. या घरात दिवसा कधी कुणी आवाज चढवलाच नव्हता, त्यामुळे भांडणंही ओठांच्या आतच व्हायची. खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, मायलेकी एकमेकींच्या कानात काहीतरी गंमत सांगताहेत.

"तो व्हिडिओ काढून टाक."

"काढला तर स्पर्धेतून बाद होईन मी."

"मग हो बाद!"

"आई, उद्या परीक्षक येतायत. उद्या. खोली बघायला."

"कुणाची खोली?"

आईच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. भुवयांमध्ये मैदा होता, कानाच्या पाळीवर मैदा होता. ब्रेडच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून ती रोज अशीच पांढरी होऊन यायची, आणि आल्या आल्या तोंड धुऊन आपल्या खोलीत शिरायची. आज तिला तोंड धुवायचंही भान नव्हतं. आणि तिची खोली तर गेले कित्येक दिवस तिची राहिलीच नव्हती.

लेकीला सगळे 'शेठ' म्हणायचे. हे नाव तिला खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं दिलं, ती अगदी लहान असताना. वडील गेले, आईनं रात्रपाळी धरली. रात्री पोरगी शेजाऱ्यांकडे झोपायची, सकाळी आई येऊन तिला शाळेत सोडायची आणि मग झोपायची. झोप काय, डुलकीच ती. खिडकीखाली गल्ली, गल्लीत हातगाड्या, पोरांचे चेंडू, शिंप्याचा रेडिओ. एक दिवस ही चिमुरडी शिंप्याच्या उंबऱ्यावर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, तुमचा रेडिओ बंद ठेवाल का? माझी आई झोपते."

"आणि मला काय मिळेल?"

"मी तुमच्या सांडलेल्या टाचण्या गोळा करून देईन. रोज."

शिंपी हसला. "सौदा पक्का, शेठ!"

मग शेठनं सगळी गल्लीच बांधली. भाजीवाला तिच्या खिडकीखाली ओरडायचा बंद झाला, कारण ती त्याच्या पेंढ्यांवर पाणी शिंपडून द्यायची. चेंडूवाल्या पोरांना तिनं मागचं मोकळं आवार दाखवलं आणि त्यांच्या प्रत्येक खेळात पंच म्हणून उभी राहू लागली. दाराच्या घंटीच्या वाटीत तिनं कापूस कोंबला. पुढं तर घंटीच काढली. ओळखीची माणसं दारावर नखानं खरखर करायची, मांजर आल्यासारखी. आईच्या खोलीला जाड काळा पडदा, दाराच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल, भिंतीवरचं घड्याळ बाहेर. चपला जिन्याच्या पहिल्या पायरीवर काढायच्या आणि हातात घेऊन वर यायचं. पोरीनं आईच्या झोपेची पहारेकरी व्हावं तसं चाललं होतं, आणि आई कारखान्यात सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "माझी लेक म्हणजे माझी उशी आहे."

ही उशी कॉलेजात गेली.

कॉलेजात उद्योजकतेचा विषय होता. शिकवणारे सर उंच, चटपटीत, बोलताना बाह्या सावरायचे. म्हणायचे, "धंदा म्हणजे नजर. समस्या शोधायला लांब जाऊ नका. घरात बघा. तुमचा पहिला ग्राहक तुमच्याच छपराखाली बसलाय." वर्गातल्या कुणी कसली तेलं काढली, कुणी कसली पेयं, एकानं श्वासाचे व्यायाम शिकवायचं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी त्याला ठसका लागला. शेठ मात्र घरी आली, काळ्या पडद्याकडं बघत बसली, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

शहरभर अशा किती आया असतील! रात्रभर जागणारे गार्ड, ड्रायव्हर, नर्सा, कारखान्यातल्या बाया. सकाळी सुटतात, घर लांब, घरात गोंगाट. त्यांना तासाभराची खरी झोप कोण देतं? शेठ देणार होती. धंद्याचं नाव तिनं ठेवलं 'निवांत'. बस आगाराबाहेर उभी राहून ड्रायव्हरांशी बोलली, रुग्णालयाच्या फाटकावर नर्सांना गाठलं. शेवटचं कधी गाढ झोपलात, असं विचारलं की माणसं आधी हसायची, मग विचारात पडायची. सर खूश झाले. "अस्सल! आता प्रत्यक्ष करून दाखव. चाचणी घे. फुकट घे, हरकत नाही, पण खरी माणसं खरी झोपली पाहिजेत."

खोली भाड्यानं घेण्याची ऐपत नव्हती. खोली होती ती एकच.

"आई, आठवडाभर फक्त. तू बाहेरच्या खोलीत झोपशील का? सोफ्यावर?"

आई म्हणाली, "झोपेन की. लेकीचा धंदा आहे." अगदी हसून म्हणाली, हेही सांगायला हवं. पहिल्या दिवशी तर तिनं स्वतः चादर बदलली.

आठवड्याचे आठवडे झाले. सोफा आखूड, बाहेरच्या खोलीला पडदा पातळ, आणि दर तासाला दारावर नखांची खरखर. येणारा हलक्या पावलानं यायचा, जाणारा हलक्या पावलानं जायचा, सगळे भले लोक. पण आईची झोप अशी, की मुंगी चालली तरी मोडावी. ती डोळे मिटून पडून राहायची. लेकीला वाटायचं, झोपली.

मग एका रात्री भट्टीच्या तोंडाशी उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. हात तापलेल्या ट्रेवर टेकला. सुपरवायझरला तिनं सांगितलं, ट्रे घसरला. लेकीला मात्र खरं सांगितलं, घरातच सांगायची गोष्ट म्हणून. "पेंगले गं मी. ऐन भट्टीजवळ. नशीब हातावरच निभावलं."

शेठ रडली. खोटं नव्हतं ते रडणं. पट्टी तिनंच बदलली. आणि पुढच्या आठवड्यात उद्योजकतेच्या स्पर्धेसाठी फिल्म बनवताना सर म्हणाले, "माहिती लोक विसरतात, गोष्ट विसरत नाहीत. तुझी गोष्ट काय?" तेव्हा शेठनं कॅमेऱ्यात बघून ती गोष्ट सांगितली. आईची. भट्टीची. पेंगण्याची. मध्ये आईचं झोपेतलं चित्रण टाकलं, सोफ्यावरचं, तोंड उघडं, पट्टीचा हात लोंबता. खाली अक्षरं: 'माझी आई, माझी पहिली ग्राहक.'

अंतिम फेरीत तिची निवड झाली. फिल्म फोनाफोनांतून फिरली. आणि काल रात्री फिरत फिरत ती कारखान्यात पोचली.

"चहाच्या सुट्टीत," आई आता कुजबुजत होती, "पॅकिंगवालीनं फोन माझ्या नाकापुढं धरला. म्हणे, अगं, तू तर हिरॉईन झालीस! सगळ्या पोरी खिदळल्या. मीही हसले. मूर्खासारखी. मला कळायला वेळ लागला, की ते उघडं तोंड माझं आहे."

"आई, लोक हसले नाहीत गं, लोक रडलेत ते बघून. खाली वाच ना काय काय लिहिलंय."

"सुपरवायझर नाही रडला. पाळी सुटताना त्यानं मला बोलावलं. म्हणाला, बाई, ट्रे घसरला म्हणालात ना? तुमची मुलगी तर वेगळंच सांगतेय. जगाला. म्हणाला, भट्टीवर पेंगणारं माणूस मी ठेवू कसं? चौकशी होईपर्यंत घरी बसा, म्हणाला. आराम करा." आई हसली. ते हसणं वाईट होतं. "आराम करा! कुठे करू गं? सांग ना. तुझ्याकडे नाव नोंदवू का? रांग आहे का फार?"

"तो तसाही खडूस आहे."

"खडूस असेल. खोटं काय बोलला?"

"तूच मला सांगितलंस—"

"तुला! तुला सांगितलं! आई लेकीला सांगते तसं. मला काय माहीत लेकीच्या जागी कॉलेज बसलंय!"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं. "बरं. आता माझंही ऐक. तुझ्या झोपेपायी मी कधी या घरात मोठ्यानं हसले नाही. कधी मैत्रीण आणली नाही. रडायचं झालं तर उशीत तोंड खुपसून रडायची, तुझा डोळा उघडेल म्हणून. माझं सगळं लहानपण कुजबुजत गेलंय, आई. त्यातून मी काहीतरी उभं करतेय. पहिल्यांदा. आणि तेही तुझ्यासाठी, तुझी ती मेली रात्रपाळी सुटावी म्हणून!"

"सुटली की. आज सकाळी सुटली."

दारावर खरखर झाली.

दोघी जागच्या जागी थिजल्या. मग शेठनं डोळे पुसले, ओढणी नीट केली आणि दार उघडलं. दारात गार्डताई. बँकेबाहेर रात्रभर उभी राहणारी ठेंगणी, भक्कम बाई. अंगात गणवेश, हातात बूट. निवांतची सगळ्यात नेमानं येणारी ग्राहक. डोळे असे लाल, की त्यांच्याकडं बघून दुसऱ्यालाच जांभई यावी.

तिनं एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. "आत जाऊ? की तुमचं होईपर्यंत जिन्यात बसू? मला जिन्यातही लागते झोप."

"जा हो बाई, आत जा," आई म्हणाली. "तुमचा काय दोष."

"लेक हुशार आहे हो तुमची," गार्डताई खोलीकडं जाता जाता पुटपुटली. "फार चांगलं काम काढलंय."

"हो. ऐकलंय. सगळ्या कारखान्यानं ऐकलंय."

दार लागलं. फटीत टॉवेल आतून सरकवल्याचा आवाज आला. नेम पाठ होते बाईला. थोड्याच वेळात ती घोरायलाही लागली, संथ, भरदार, पोट भरलेल्या माणसासारखी. आई ते घोरणं ऐकत उभी राहिली. माझ्या पलंगावर, माझ्या पडद्याआड, असं ती बोलली नाही. पण तिचा चेहरा असा झाला, की लेकीनं मान फिरवली.

"फुकट वाटतेयस तू," आई अगदी हळू म्हणाली. "माझी झोप. मुठी भरभरून. मला विचारलंस आठवडाभराचं, आणि मी हो म्हणाले. पुढचं कुणी विचारलं? आणि त्या भट्टीचं? ते फिल्ममध्ये सांगू का, हे विचारलंस एकदा तरी?"

"नाही विचारलं."

"का?"

"तू नाही म्हणाली असतीस म्हणून."

हे खरं उत्तर होतं. तोंडातून निघून गेल्यावर शेठलाही ते ऐकू आलं. पण शब्द परत कसा घेणार.

आईनं आपला फोन पुढं केला. "हा घे. सुपरवायझरला लाव. सांग, स्पर्धेसाठी रचलेली गोष्ट होती. आई कधीच पेंगली नाही. एवढंच. माझी भट्टी मला परत मिळेल, आणि मी पुन्हा हे नाव काढणार नाही."

शेठनं फोन घेतला. क्रमांक समोर होता. अंगठा त्यावर होता. आत गार्डताई कूस बदलून पुन्हा घोरायला लागली.

"मी तसं सांगितलं," ती म्हणाली, "तर मी खोटी ठरते. सगळी योजनाच खोटी ठरते. परीक्षक म्हणाले होते, आम्हाला तुझा खरेपणा आवडला."

"खरेपणा," आई म्हणाली.

"थांब, आई. एक मिनिट. ऐक." आणि इथं शेठचा चेहरा पालटला. टाचण्या गोळा करायला निघालेल्या त्या चिमुरडीचा झाला. डोळ्यांत चमक, हात हवेत. "तू ती नोकरी सोडच. खरंच सोड! निवांतमध्ये ये. तुझ्याइतकं झोपेतलं कुणाला कळतं? तूच चादरी बघ, तूच माणसं बघ. पुढं आपण मोठी जागा घेऊ. तू माझी पहिली कर्मचारी. नाही, कर्मचारी नाही, भागीदार. विचार कर ना! परीक्षकांना तर हे इतकं आवडेल!"

"म्हणजे माझ्याच खोलीत मी कामाला."

"भागीदार म्हणतेय मी."

"आणि झोपायचं कुठे?"

ड्रायव्हरांच्या, नर्सांच्या, सरांच्या, परीक्षकांच्या प्रत्येक प्रश्नाला शेठकडं उत्तर होतं. या प्रश्नावर तिनं खोलीभर नजर फिरवली. आखूड सोफा. पातळ पडदा. त्यातून येणारं ऊन.

"करू काहीतरी सोय," ती म्हणाली.

आईनं तिच्या हातातून फोन काढून घेतला. खांद्याला पिशवी लावली. पदरानं भुवयांतला मैदा पुसला, तो पुसला गेला नाही, आणखी पसरला.

"कुठे चाललीस? आई? रात्रभरची जागी आहेस तू." लेक दारापर्यंत मागं आली. अजून कुजबुजतच होती. "बरं, फोनचं नंतर बघू आपण. पण उद्याचं तेवढं सांग. परीक्षकांनी विचारलं, तर म्हणशील ना, की खोली मी मनापासून दिली? दिली होतीस ना तू? आई?"

आईनं सवयीनं चपला उचलून हातात घेतल्या होत्या. तिनं हाताकडं पाहिलं. मग त्या चपला वरून, खांद्याच्या उंचीवरून, जमिनीवर सोडल्या. फट्ट. त्यात पाय घातले. बाहेर पडली, आणि या घरात कधीच कुणी ओढलं नव्हतं तसं दार मागं ओढलं.

भिंती हादरल्या. खालच्या शिंप्याचं मशीन थांबलं. आत पलंग करकरला आणि गार्डताई ओरडली, "काय झालं? काय पडलं?"

जिन्यावर चपला वाजत होत्या. प्रत्येक पायरीला, खणखणीत, खालपर्यंत.