दुखवट्यात राहून गेलेला विषय

मंडळी, शहराच्या सल्लागार समितीच्या बैठकीतून आत्ताच आलेय. डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

समितीत तरुण सदस्य आम्ही दोघंच, मी आणि ऋषी. तो अंबडला कारखान्यात कामाला. तिथल्या अंधाऱ्या वळणावर दिवे लावा, हा एकच विषय तो दर बैठकीला मांडायचा. अध्यक्ष म्हणायचे, "पुढच्या वेळी घेऊ."

मागच्या आठवड्यात त्याच वळणावर ट्रकने ऋषीला उडवलं. ऋषी गेला.

आज आधी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली झाली. मग तरुणांच्या जागा दोनाच्या सहा करायचा ठराव आला. एका मिनिटात मंजूर, टाळ्यासुद्धा वाजल्या. त्यापुढचा विषय ऋषीच्या दिव्यांचा होता. तेवढ्यात अध्यक्ष उठले. "दुखवटा म्हणून सभा तहकूब."

मी म्हणाले, "साहेब, अहो त्याचाच विषय राहिलाय!"

"बाळा, पद्धत असते. पुढच्या वेळी घेऊ."

बाहेर आले तर ऋषीच्या धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, जागा वाढल्या म्हणे. मी अर्ज भरू का? दादाचे दिवे मी मागते."

तीही रोज त्याच वळणावरून कामाला जाते.

काय सांगू तिला?