गादीचा बातिन

गोरेगावच्या बाजारात गाद्या पिंजणारे एक चाचा आहेत. कुराणातल्या प्रत्येक ओळीला वरचा अर्थ असतो तसा आतलाही असतो, असं ते मानतात. आतल्याला ते बातिन म्हणतात. "रोजा वरून पोटाचा, आतून जिभेचा," हे समजावताना त्यांची जीभ तासभर थांबत नाही.

आई गेल्यावर तिची गादी मी पिंजायला नेली. चाचांनी गादीवरून हात फिरवला आणि मशीन बंद केलं.

"घेऊन जा परत. आत्ताच न्हाई पिंजायची."

"काहून? कापूस पार बसलाय."

"व्हय, दिसून राहिलं."

"मग याचा बातिन काय, चाचा?"

पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत.

घरी येऊन गादी अंथरली. मधोमध आईच्या अंगाएवढा खळगा होता.