गाढव रस्त्यातच होतं

त्या गाढवाबद्दल मला कधीच माया नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्याचं नाव बिशप, म्हणजे पाद्र्यांवरचा मोठा धर्मगुरू. बॅबीनने ते नाव ठेवलं तेव्हा पाद्रीबाबा खास तिच्या घरी आले होते, दोन शब्द सुनवायला. ती म्हणाली, "फादर, हा हळू चालतो, सगळ्यांनी वाट सोडावी असं ह्याला वाटतं, आणि कामाचं नाव काढलं की डोळे मिटून घेतो. तुम्हीच सांगा, दुसरं काय नाव ठेवू?" पाद्रीबाबा हसू दाबत निघून गेले. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कुआन ना रोन गावात बॅबीनशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

मी तिचा शेजारी, मार्टीन. किनाऱ्यावरचं शेवाळ कारखान्यात पोचवायचा माझा ट्रक होता. आणि बिशपची झोपायची आवडती जागा कुठली, तर चढावरच्या वळणावर, रस्त्याच्या बरोब्बर मधोमध, कारण ऊन पडलंच तर तिथलं डांबर आधी तापायचं. मी हॉर्न वाजवायचो, तो एक कान हलवायचा. मग मी खाली उतरून त्याला ढकलायचो, आणि बॅबीन दगडी कुंपणावरून ओरडायची, "ए मार्टीन, जमतंय का? का गावातनं माणसं बोलावू?" वर्षानुवर्षं हे असंच चालू होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. माझं सोडून.

बॅबीन म्हणजे तांबड्या कोल्मची धाकटी मुलगी. तरुणपणी ती इंग्लंडला गेली, हडर्सफील्डच्या लोकरीच्या गिरणीत. तिथे इंग्रजी अशी शिकली की गिरणीचा मुकादमसुद्धा तिच्या तोंडी लागत नसे. परत येऊन पाड्रिकशी लग्न केलं. तो मच्छीमार, अबोल, देवमाणूस. त्यांना मूल झालं नाही. पण थोरली बहीण मेग बाळंतपणात अंथरुणाला खिळली आणि तिचा कोल्मान बॅबीनच्याच चुलीपाशी वाढला. खारवलेला बांगडा, उकडलेले बटाटे आणि मावशीच्या शिव्या, यावर ते पोर पोसलं. पुढे ते पोलीस झालं आणि नेमकं आमच्याच चौकीत आलं, तेव्हा बॅबीनला आभाळ ठेंगणं झालं.

आठवडाभरच. कारण गणवेशातला कोल्मान इंग्रजी बोलायचा.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. आमच्याकडे रीतच तशी होती. डॉक्टर, पोस्टमास्तर, वीजवाला, पोलीस, म्हणजे टेबलापलीकडे बसलेला कुणीही असो, त्याच्याशी इंग्रजीच बोलायचं, मग तो तुमचा सख्खा आतेभाऊ का असेना. रविवारी चर्चबाहेर ज्याच्याशी मेंढीवरून आयरिशमध्ये कचाकचा भांडलो, त्याच्यासमोर सोमवारी खिडकीत टोपी काढून 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचं. त्यानेही तसंच उत्तर द्यायचं. कायद्याच्या पुस्तकात आमची भाषा देशाची पहिली भाषा होती. चौकीच्या दारात मात्र तिला कुणी आत ये म्हणत नव्हतं, आणि यात काही चुकतंय असं आम्हालाही वाटत नव्हतं. आम्ही त्याला शिष्टाचार म्हणायचो.

तर ड्यूटी संपवून टोपी खुंटीला लावली की कोल्मान म्हणायचा, "मावशी, चहा टाक." आणि टोपी डोक्यावर असली की, "गुड आफ्टरनून, मिसेस." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बॅबीनने हातातली बादली खाली ठेवली.

"मिसेस कोण रे? तुझं ढुंगण कुणी धुतलं, मिसेसनं का मावशीनं?"

कोल्मान कानापर्यंत लाल झाला. पण सॉरी म्हणाला तेही इंग्रजीतच.

पुढे मे महिन्यात जिल्ह्याचे मोठे साहेब चौकी तपासायला आले. वळणावर बिशप पसरलेला. अरुंद रस्ता, दोन्हीकडे दगडी कुंपण, मध्ये गाढव, गाढवापुढे साहेबांची काळी गाडी आणि गाडीमागे माझा ट्रक. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बिशपने कान हलवला. देव मला क्षमा करो, पण मला फार बरं वाटलं. शेवटी साहेब उतरले आणि चिखल तुडवत पायी चौकीत पोचले. बुटांकडे बघत त्यांनी विचारलं, "हे जनावर कुणाचं?" कोल्मानला खोटं बोलता येत नाही, मावशीनंच त्याला तसं वाढवलेलं. समन्स काढणं भाग पडलं.

तो समन्स घेऊन आला तेव्हा मी बॅबीनच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. टोपी डोक्यावर, बटणं चकचकीत. बॅबीनने कागद घेतला, इंग्रजी मजकुरावर नजर फिरवली आणि परत त्याच्या हातात दिला.

"समन्स आहे, मिसेस," कोल्मान इंग्रजीत म्हणाला.

"ऐकू येत नाही मला," बॅबीन आयरिशमध्ये म्हणाली.

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, अगं दहा शिलिंगांचा दंड आहे. मी भरतो. तू नुसती सही कर."

"हे आलं ऐकू. तुझे पैसे ठेव तुझ्याजवळ. समन्स आपल्या भाषेत आण, खटला आपल्या भाषेत चालव, मग बघू."

"तुला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगली येते!"

"येते की. हडर्सफील्डात येते. इथं येत नाही."

मला हसू फुटलं. दोघांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की चहा नाकात गेला.

कोल्मान मटकन बाकावर बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "का छळतेस गं मला? साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, या लोकांसारखं बोललास की हे तुला आपल्यातलाच समजणार, मग तुझं ऐकणार कोण? उद्या माझी बदली होईल. कुठंतरी आत, जिथं समुद्रसुद्धा नाही अशा गावात."

बॅबीन उभीच होती. तिने चुलीत जळणाची वाळकी ढेपळं सारली, हात झटकले. मग बोलली, आणि तिचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"पाड्रिक बुडाला तेव्हा तू शाळेत होतास. तो सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. डॉक्टर, पोलीस, मरणाची चौकशी करणारा कोरोनर, सगळे टेबलाभोवती. सगळे इंग्रजीत. मला शब्द न् शब्द कळत होता, कोल्मान. मयत इसम. अंदाजे वय. माझ्या नवऱ्याचं नावसुद्धा त्यांनी इंग्रजीत फिरवून घेतलं. एका माणसानं वळून विचारलं नाही, बाई, तुला काही सांगायचंय का. मला सांगायचं होतं रे. पण जे होतं ते त्या भाषेत नव्हतं माझ्याजवळ. माझ्याच नवऱ्याच्या मरणात मी पाहुण्यासारखी बसले. आणि तो पोलीस कोण होता? पलीकडच्या वाडीतला. माझ्याहून गोड आयरिश बोलायचा. पण टोपी होती ना."

कोल्मान जमिनीकडे बघत होता.

"मला गाढवाचं काही नाही. उद्या कुणाचीतरी बायको तुझ्या खिडकीत येईल. तिला मिसेस मिसेस करणारैस? तेवढं मला कळू दे, मग खुशाल दंड कर."

तो उठला, टोपी घातली आणि निघून गेला. माझा चहा तसाच राहिला. मी कप विसळायला घेतला.

सही झाली नाही, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. आमचे नेहमीचे न्यायाधीश आयरिश उत्तम बोलायचे, पण त्या वर्षी ते आजारी होते. बदली आलेले पूर्वेकडचे, त्यांना आयरिशचा गंध नव्हता. बॅबीनला तिच्या भाषेत खटला चालवण्याचा हक्क आहे हे त्यांनी ताबडतोब मान्य केलं, पण दुभाषी मिळेपर्यंत तारखा पडत राहिल्या. शेवटी डब्लिनहून एक तरुण दुभाषी आला. बिचारा सज्जन होता, कॉलेजात शिकला होता, आणि बॅबीनला बघूनच त्याला घाम फुटला. अख्खं गाव माझ्या ट्रकमधून कोर्टात आलं. ट्रक धुवायला वेळ मिळाला नव्हता, त्यामुळे कोर्टाला शेवाळाचा वास येत होता. मोठे साहेब पहिल्या बाकावर नाकाला रुमाल लावून बसले होते.

कोल्मानने इंग्रजीत साक्ष सुरू केली. तो एक वाक्य बोले, दुभाषी ते बॅबीनला आयरिशमध्ये सांगे, ती उत्तर देई, दुभाषी ते न्यायाधीशांना इंग्रजीत सांगे. ज्यांनी एका भांड्यातून बटाटे खाल्ले ती मावशी आणि भाचा हाताच्या अंतरावर उभे, आणि मध्ये डब्लिनचा माणूस.

"गाढव रस्त्यात होतं का, असं विचारतायत," दुभाषी म्हणाला.

"मी कसं सांगू? बिशपला विचारा," बॅबीन म्हणाली. बाकांवर खसखस पिकली, कोल्मानलाही हसू आवरलं नाही.

दुभाष्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "महाराज, बिशपना विचारावं असं यांचं म्हणणं आहे."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "या प्रकरणात बिशप कुठून आले?"

सगळं कोर्ट फुटलं. मागच्या बाकावरचे पाद्रीबाबा तर बाहेरच गेले. पण न्यायाधीश माणूस हुशार होता. बॅबीनच्या उत्तरावर सगळे हसले होते ते दुभाष्याने तोंड उघडायच्या आधी, आणि त्यांच्यात साक्षीदारही होता, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"कॉन्स्टेबल, तुम्हाला ही भाषा येते?"

"येते, महाराज."

"किती येते?"

"पाळण्यापासून येते."

"मग साक्ष तीत का देत नाही? कायद्याची अडचण आहे?"

"नाही, कायद्याची नाही."

"मग कुणाची?"

कोल्मानने मोठ्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी रुमाल खाली घेतला होता. मी बॅबीनकडे पाहिलं. ती मान खाली घालून शालीची कड पिळत होती. वादळात होडीत बसणारी बाई ती, तिला एवढी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

कोल्मानने पवित्र ग्रंथ पुन्हा हातात घेतला आणि पुन्हा शपथ घेतली, आयरिशमध्ये. आवाज आधी चिरकला, मग मोकळा झाला. आणि मग त्याने जी साक्ष दिली, काय सांगू! वारा कुठून होता, भरती किती चढली होती, बिशपने हनुवटी डांबरावर कशी टेकली होती, ड्रायव्हर काय म्हणाला, साहेबांचा कुठला पाय आधी चिखलात गेला, सगळं जसंच्या तसं. मावशीला त्याने अजिबात वाचवलं नाही. फाटकाची कडी नाताळपासून मोडलीये, मी स्वतः तिला वारंवार सांगितलं, ती म्हणाली कडीला घाल चुलीत, हेही सांगितलं. बायका माना डोलवत होत्या. मागून एक म्हातारा म्हणाला, "खरंय बाबा, अगदी खरंय." दुभाषी आता उलट्या बाजूने धावत होता, आणि कुठे अडला तर कोल्मान थांबून त्याला समजावून देत होता. साहेबांना स्वतःच्या बुटांची हकीकत भाषांतरातून ऐकावी लागली.

साहेबांनी पुढे काय केलं म्हणाल, तर काही नाही. कायदा कोल्मानच्या बाजूचा होता, आणि एवढा बोलका साक्षीदार त्यांच्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. कोल्मान पेन्शनीपर्यंत आमच्याच चौकीत राहिला.

पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. न्यायाधीशांनी निकाल दिला, इंग्रजीत. दुभाष्याने सांगायला तोंड उघडलं, तर कोल्मानने हात वर केला. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरला, बॅबीनसमोर येऊन उभा राहिला, गणवेशात, सगळ्या गावादेखत, साहेबांदेखत.

"मावशी, महाराजांनी तुला दोषी ठरवलंय. दहा शिलिंग दंड झालाय." मग तो जरा पुढे वाकला. "तुला काही सांगायचंय का?"

"सांगायचंय," बॅबीन म्हणाली.

ती उठली आणि बोलायला लागली. त्या सकाळी वारा नैऋत्येचा होता. पाड्रिकला जायचं नव्हतं, पण शेजारच्या होडीतली जाळी अडकली होती आणि तो माणूस एकटा होता, म्हणून गेला. जाताना दारातून म्हणाला, बटाटे चुलीवर ठेव, उकळी यायच्या आत आलोच. तिने ठेवले होते. तो काही बेफिकीर माणूस नव्हता, हे कुठेतरी लिहिलेलं असावं असं तिला वाटत होतं.

न्यायाधीशांनी दुभाष्याला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

दुभाष्याचे डोळे भरले होते. "महाराज, हे गाढवाबद्दल नाहीये."

"बोलू द्या त्यांना," न्यायाधीश म्हणाले, आणि कारकुनाला लिहून घ्यायला खूण केली. कारकुनाला आयरिश येत नव्हती. तेव्हा कोल्मानने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि तिथेच टेबलावर वाकून, मावशी सांगेल तसं, तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

सांगून झालं तेव्हा बॅबीनने रुमालात नाक शिंकरलं आणि चारी बाजूंना पाहिलं. इतकी समाधानी गुन्हेगार त्या कोर्टाने कधी पाहिली नसेल.

"झालं," ती म्हणाली. "आता सांग बाळा, दंड कुठल्या खिडकीत भरायचा?"