अक्कांची कायमची नोकरी

गाणं ऐकायला बसल्या की अक्का स्टेजकडे पाठ करून बसत. गणपतीचा मांडव असो, देवळातलं भजन असो, नाहीतर सोसायटीचं स्नेहसंमेलन असो, आल्या की आधी खुर्ची उलटी फिरवायच्या, पिशवी मांडीवर घ्यायच्या आणि समोरच्या रांगेतल्या अनोळखी माणसांच्या तोंडाकडे बघत निवांत ऐकत बसायच्या. त्या माणसांची फार पंचाईत व्हायची. वरातीत तर त्या बँडच्या दोन पावलं पुढे चालत, एकदाही मागे न बघता, त्यामुळे त्यांना नवऱ्या मुलाची आत्या समजून हातात नारळ देण्याचे प्रकारही झालेले आहेत. मी एकदा कारण विचारलं. ‘‘वाजवणाऱ्याचं तोंड दिसलं की कान आळशी होतात बघ,’’ एवढंच म्हणाल्या.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. बंगळूरला यशवंतपूरजवळच्या एका संशोधन संस्थेत मातीतल्या बुरशीवर काम करायच्या. वयानं चाळिशी ओलांडलेली, पण नोकरी अजून प्रोजेक्ट संपेपर्यंतची. एक प्रोजेक्ट संपत आला की दुसरा मिळेल का, या काळजीत दोन महिने जायचे, आणि तो मिळाला की अक्का सगळ्या मजल्याला म्हैसूरपाक वाटायच्या. संस्थेच्या वॉचमनपासून त्यांच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांच्या गावाकडच्या बायकांसारखं त्या ‘मी जातो’, ‘मी आलो’ असं बोलत. मी पुण्याची, मला आधी ते फार गमतीचं वाटायचं. मग एक दिवस मीच ऑफिसात एका मराठी सहकाऱ्याला ‘‘चल, मी निघतो’’ म्हणाले आणि गप्प बसले.

बुरशीतून सुट्टी मिळाली की अक्का ब्लॉग लिहायच्या. बंगळूरमधल्या गाण्या-वाजवण्यावर, पण मोठ्या मैफलींवर नाही. ‘‘मोठ्या लोकांवर लिहायला मोठी माणसं हाईत की,’’ असं म्हणून त्या लग्नातले बँड, गल्लीतली भजनी मंडळं, कॉलेजच्या पोरांची गिटारं, असल्या गोष्टींमागे शहरभर फिरायच्या. लिहायच्या मराठीत, आणि खाली थोडक्यात कन्नडमध्ये. वाचक किती होते कुणास ठाऊक. मला तरी माझ्याशिवाय फार कोणी भेटलं नाही.

आमची ओळखही त्या ब्लॉगमुळेच झाली, आणि ती भांडणानं झाली. महादेवपुऱ्यात आम्हा नव्यानं आलेल्या मराठी लोकांचा गणपती असतो. त्यात आम्ही सात जणींनी एक समूहगीत बसवलं होतं. सरावाला मी ऑफिसच्या नावाखाली दांड्या मारल्या होत्या, त्यामुळे प्रत्यक्ष कार्यक्रमात मी नुसतं तोंड हलवत होते. घरच्यांनासुद्धा कळलं नाही. चार दिवसांनी कोणीतरी ग्रुपवर अक्कांच्या ब्लॉगची लिंक टाकली. त्यात लिहिलं होतं, ‘स्टेजवर सात बायका होत्या, आवाज सहाच आले. जी गायली नाही तिचा निर्णय योग्य होता.’ माझा संताप संताप झाला. मी नंबर शोधून फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘‘अगं, मग ती तू काय? बरं झालं फोन केलास. मला वाटलं सातवीला बरं नव्हतं.’’ पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर चामराजपेटेत एका बँडच्या मागे, म्हणजे खरं तर पुढे, चालत होते.

हा बँड मुनियप्पांचा. मुनियप्पा क्लॅरिनेट वाजवतात, साठीला आलेत आणि त्यांचं दुकान चामराजपेटेत एका झेरॉक्सवाल्याच्या शेजारी आहे. अक्कांचा एक नियम होता. लिहिलेलं छापण्याआधी त्या वाजवणाऱ्याला फोनवर पूर्ण वाचून दाखवायच्या. शास्त्रातले लोक म्हणे एकमेकांचे निबंध असेच तपासतात: पहिला आक्षेप, दुसरा आक्षेप, लेखकाचं उत्तर. अक्कांनी तीच पद्धत बँडला लावली. ‘‘आक्षेप एक. तिसऱ्या गाण्यात क्लॅरिनेट खाली उतरली.’’ त्यावर मुनियप्पांचं उत्तर, ‘‘रस्त्यात खड्डा होता अक्का. मीच खाली उतरलो.’’ अक्का दुसऱ्या दिवशी खरंच त्या रस्त्यावर जाऊन खड्डा बघून आल्या आणि मग आक्षेप मागे घेतल्याचं त्यांनी लेखाच्या तळटीपेत लिहिलं. मुनियप्पांनी ती तळटीप शेजारून झेरॉक्स काढून दुकानात लावली.

मी त्यांना विचारायची, ‘‘अक्का, संशोधन आणि हे, दोन्ही सांभाळता कसं?’’ त्या म्हणायच्या, ‘‘सांभाळायचं काय त्यात? डबा एकच की. एका बाजूला भात, एका बाजूला भाजी.’’ आणि हे त्या शब्दशः पाळत. कॉम्प्युटरवर आपल्या शोधनिबंधांची जी यादी त्या ठेवत, तिच्यातच ब्लॉगचे लेखही नोंदवत. वर्ष, शीर्षक, लेखक, सगळं व्यवस्थित. बुरशीखाली बँड, बँडखाली बुरशी.

घोटाळा तिथेच झाला. आसामात, गुवाहाटीहून पुढे पाच-सहा तासांवर, एका विद्यापीठात कायमच्या जागेची जाहिरात आली. अक्कांनी अर्ज भरला आणि शेवटच्या दिवशी घाईघाईत कॉम्प्युटरला सांगितलं, माझी यादी काढून दे. त्यानं इमानेइतबारे सगळी यादी काढून दिली. ती अक्कांनी न बघता पाठवली. मुलाखत व्हिडिओवर झाली. पाच गंभीर प्राध्यापक बसलेले. त्यातल्या एका बाईंनी चष्मा सावरत विचारलं, ‘‘यादीतला हा चौदावा लेख, ‘क्लॅरिनेट आणि खड्डा’, कोणत्या जर्नलमध्ये आलाय?’’

दुसरं कोणी असतं तर चूक झाली म्हणून माफी मागून मोकळं झालं असतं. अक्कांना प्रश्न विचारला की त्या उत्तर देतात. त्यांनी खड्ड्याची अख्खी गोष्ट सांगितली. मग दुसऱ्यानं बँडबद्दल विचारलं, तिसऱ्यानं स्वतःच्या लहानपणीच्या गावच्या ढोलाबद्दल सांगितलं, आणि वेळ संपली. बुरशीवर अवघा दीड प्रश्न आला. अक्का माझ्याकडे येऊन कॉफी पीत म्हणाल्या, ‘‘गेलं बघ ते. बरं झालं, आता डोक्याला ताप नाही.’’

तीन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं, आणि मग खरा ताप सुरू झाला. मी अभिनंदन करायला म्हैसूरपाक घेऊन गेले तर अक्का पत्र समोर ठेवून गणितात नापास झालेल्या पोरीसारख्या बसलेल्या. ‘‘मला घेतलंय ते बुरशीसाठी की बँडसाठी?’’ त्यांचा पहिला प्रश्न. बुरशीसाठी असेल तर मुलाखतीत विचारली का नाही? बँडसाठी असेल तर ही जागा आपली नाही, आणि तिथं चामराजपेट कुठून आणायचं? मी म्हटलं, अक्का, घेतलंय ना, बास. पण बास म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले, जायची कारणं आणि राहायची कारणं. दोन दिवसांनी बघितलं तर दोन्ही रकान्यांत पहिलं कारण एकच होतं: ‘वय’.

मग त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. घरमालकिणीला विचारलं, डोसेवाल्याला विचारलं, रिक्षावाल्याला तर कन्नडमध्ये इतकं सविस्तर विचारलं की त्यानं सिग्नल सुटल्यावरही गाडी हलवली नाही. तो म्हणाला, सरकारी असेल तर जा. डोसेवाला म्हणाला, तिकडे डोसा मिळत नाही, जाऊ नका. अक्का दोन्ही मतं वहीत लिहून घेत. मला हसू येई आणि आतून भीतीही वाटे. इतकी हुशार बाई इतकी गोंधळलेली मी पाहिली नव्हती, आणि त्या गेल्या तर माझ्या रविवारांचं काय होणार, हे मला स्वतःशीसुद्धा बोलायचं नव्हतं.

उत्तर कळवायच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, लॅपटॉपवर म्यूट करून. एका कानात क्लायंट, दुसऱ्या कानात अक्का. ‘‘वृंदा, आता तूच सांग. तू म्हणशील तसं करतो.’’ क्लायंट माझंच नाव घेत होता. मी म्हणाले, ‘‘अहो अक्का, जा ना. कायमची आहे. विचार काय करताय?’’  मग ‘‘बरं’’ म्हणाल्या. मी म्यूट काढला आणि क्लायंटला कुठल्याशा अहवालाची तारीख सांगितली. ती तारीख आता मला आठवतही नाही. अक्कांचं ‘बरं’ मात्र आठवतं.

तरीही त्या संध्याकाळी त्या मुनियप्पांकडे गेल्या. माझ्या मनाला चुटपुट लागली होती म्हणून मीही गेले. अक्कांनी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, ‘‘मी गेलो तर तुमच्यावर कोण लिहिणार?’’ मुनियप्पा क्लॅरिनेट पुसत होते. मान वर न करता कन्नडमध्ये म्हणाले, ‘‘तुम्ही लिहायच्या आधी तीस वर्षं वाजवत होतो अक्का. लग्नातली माणसं जेवायच्या घाईत असतात. आमचं कोणी ऐकत नाही आणि आमचं काही अडत नाही.’’ मला कन्नड स्वल्पच कळतं, पण हे सगळं कळलं. अक्कांचा चेहरा उतरला. ‘‘सरी,’’ म्हणजे ‘बरं’, एवढं म्हणून त्या उठल्या, आणि रस्ता ओलांडताना पहिल्यांदाच मला त्यांचा हात धरावा लागला.

पुढे सगळं भराभर झालं. भांडी वाटली, पुस्तकं बांधली. यशवंतपूर स्टेशनवर मी आणि संस्थेतले दोघं-तिघं होतो. मुनियप्पा आले नाहीत, लग्नाची सुपारी होती म्हणे. गाडी सुटायच्या आधी मी विचारलं, ‘‘ब्लॉग चालू ठेवणार ना?’’ अक्का म्हणाल्या, ‘‘कुणासाठी?’’ त्यात राग नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं होतं.  मी वाचते, एवढं म्हणायचंही सुचलं नाही. घरी येऊन मी रडले, आणि नवऱ्यानं काय झालं विचारलं तेव्हा मला धड सांगताही आलं नाही.

दोनेक महिन्यांनी मुनियप्पांचा फोन आला. माझ्याशी ते हिंदीत बोलतात. म्हणाले, काल एका वरातीत नवीन गाणं वाजवलं. मी म्हटलं, छान.  मग म्हणाले, ‘‘कसं झालं ते कोणाला विचारू?’’ मी जरा चिडूनच म्हणाले, ‘‘तुम्हीच म्हणालात ना, आमचं काही अडत नाही?’’ तेव्हा ते म्हणाले, ‘‘तसं म्हणालो नसतो तर त्या गेल्या असत्या का, मॅडम? दर वर्षी नोकरीच्या काळजीत असायच्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या आहेत. मी खोटं बोललो. तुम्ही त्यांना सांगू नका.’’

 ते मायेनं खोटं बोलले, आणि मी लक्ष नसताना खरं बोलले. आम्हा दोघांच्या भरवशावर एक बाई देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिली. यात चांगलं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

अक्का फोन करतात. तिकडची माती फार चांगली आहे म्हणतात, बुरशी तर अशी की निपाणीच्या उसालासुद्धा हेवा वाटावा. विद्यार्थी मन लावून शिकतात. पगार वेळेवर येतो. ब्लॉगवर मात्र त्यानंतर एक अक्षर आलेलं नाही. परवा बोलता बोलता म्हणाल्या, ‘‘इथं टेकडीच्या पलीकडं रविवारी काहीतरी वाजतंय ग. ढोलासारखं, पण ढोल नव्हे. खिडकीत बसून ऐकतो.’’

‘‘मग जा की बघायला.’’

‘‘गेलो तर लिहावंसं वाटंल. लिहिलं तर हितं मन लागंल, आणि मन लागलं तर तिकडचं सगळं खरंच संपलं म्हणायचं. नाही गेलो तर ना हितं ना तिथं. तू सांग वृंदा, जाऊ काय?’’

या वेळी मी कुठल्या मीटिंगमध्ये नव्हते. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते, गॅस बंद केला, आणि खरंच विचार केला. कितीतरी वेळ. 

‘‘मला माहीत नाही, अक्का,’’ मी म्हणाले. ‘‘अगदी खरं सांगते, मला माहीत नाही.’’

‘‘हां,’’ अक्का हळूच म्हणाल्या, ‘‘हे तू तवा म्हणायला पायजे होतंस बघ.’’