डाव्या हाताचे चौकोन

एसटी सुरू झाली, कंडक्टरनं घंटी मारली, तरी आई खिडकीच्या गजातून हात आत घालून बोलतच होती. लग्न होऊन मी विक्रोळीला निघाले होते. शेजारी नवरा बसलेला, ज्याच्याशी तोवर धड चार वाक्यं झाली नव्हती. अशा वेळी सगळ्यांच्या आया रडतात. माझ्या आईनं माझ्या मुठीत क्रोशाची सुई कोंबली आणि म्हणाली, "कोपऱ्याक एक साखळी जास्त घाल गो. घट्ट ओढलंस तर चौकोनाचो वाडगो होता." मी रडायचंच विसरले. मुलगी चालली मुंबईला आणि हिला चौकोनाची पडलीय! गाडी वळली, आई धुळीत दिसेनाशी झाली, आणि मग कणकवली येईपर्यंत मी रडत होते. नवरा बिचारा दर स्टँडवर उतरून पाणी आणत होता.

आई डावरी. क्रोशाचं विणकाम तिनं मला ओटीवर शेजारी बसवून शिकवलं. मी सगळं उजव्या हातानं करते, भाकरी थापते, सही करते, पण सुई हातात आली की ती आपोआप डाव्या हातात जाते, कारण मी आईचं बघून शिकले. मला कित्येक वर्षं वाटायचं की विणकाम डाव्या हातानंच करायचं असतं. गावात कोणी हसलं नाही, कारण गावात तोरणं आणि ताटावरचे रुमाल विणणारी मुळात आईच एकटी होती.

विक्रोळीच्या चाळीत आले आणि दचकायला सुरुवात झाली. ते दचकणं अजून संपलेलं नाही. पहाटे नळाला पाणी येतं आणि पुन्हा दुसऱ्या दिवशीच येतं, याचा धक्का. कांजूरकडून कारखान्यांचा वास घेऊन वारा आला की शेजारीण न बोलता उठून खिडकी लावते आणि बोलणं तिथूनच पुढे सुरू करते, याचा धक्का. समोरच्या खोलीतल्या बाईनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काय गं, तू अशी घाबरल्यासारखी का बघतेस? आम्ही काय खाणार आहोत का तुला?" मी तिला टीव्हीवर घालायला क्रोशाचं कव्हर विणून दिलं. मग मजल्यावरच्या प्रत्येकीला हवं झालं. आमच्या ह्यांचा कंपनीतला पगार आणि माझी कव्हरं, यांवर आमचे पहिले दिवस गेले. प्रत्येक कव्हराच्या कोपऱ्याला मी एक साखळी जास्त घालत होते.

आता आम्ही मुलुंडला असतो. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, हे रिटायर झाले, आणि लिफ्टच्या घरात दुपार केवढी मोठी असते ते मला कळलं. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेननी दार वाजवलं. त्यांचा एक ग्रुप होता. बायका लोकरीचे चौकोन विणायच्या, कोणी क्रोशावर, कोणी दोन सुयांवर, आणि ते चौकोन जोडून ब्लँकेटं व्हायची. ती द्यायची हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना.

"मुंबईत ब्लँकेट?" मी म्हटलं. बाहेर मे महिना होता आणि आम्ही पंख्याखाली निथळत होतो.

"डिसेंबरमदी फुटपाथवर झोपून बघा ने एकदा," हंसाबेन म्हणाल्या. "खालून थंडी येते, वरतून नाय."

हे मला इतकी वर्षं मुंबईत राहून माहीत नव्हतं. मी त्याच दिवशी सुई काढली.

माझा पहिला चौकोन त्यांनी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. "सुनंदाबेन, हा असा वेगळा काय दिसते?" डाव्या हातानं विणलं की टाके दुसऱ्या बाजूला कलतात. एकटा चौकोन असेल तर कोणाला कळणार नाही, पण बाकीच्या चौकोनांशेजारी ठेवला की भांग उलटा पाडल्यासारखा दिसतो. मी शरमले. हंसाबेन मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, "विणा तुमी, आपण मधेमधे घालू. पण जोडायचा काम तुमीच करा, तुमचा हात चोख हाय." तेव्हापासून कुठकुठून येणारे चौकोन माझ्याकडे येतात आणि मी ते जोडते. जोडणाऱ्या बाईला विणणारीचा हात कळायला लागतो. ही रागात विणते, हिचे टाके आवळलेले. ही टीव्ही बघत विणते, हिचा मध्येच एक खांब, उभा टाका, गळतो. ही नवी आहे, भीतभीत विणते.

दर रविवारी मी आईला फोन करायचे. लग्न झाल्यापासूनचा नेम, आधी एसटीडीवरून, मग तिच्या मोबाइलवर. आई गावात धाकट्या भावाकडे, बाबूकडे. फोनवर तिचं आधी एकच वाक्य, "हय सगळा बरा आसा," आणि मग बातम्या. कोंबडेन पिल्लां काढल्यान. विहिरीचा पाणी खाली गेला. मागच्या परड्यातलो फणस यंदा बुंध्यापासून धरलो. मी इकडे कपड्यांच्या घड्या घालत ऐकायचे. तिचं ऐकता ऐकता मला शेणानं सारवलेल्या खळ्याचा वास यायचा, खरंच यायचा. यंदा मे महिन्यात मी गावी जाणार होते. पण आई म्हणाली, "येव नको गो. कौलां काढलेली असत, घर उघडा पडला हा. निजतलंस खंय?" बाबूला विचारलं, तर तोही म्हणाला, "आई म्हणते तसंच आहे ताई, पुढच्या वेळी ये." मी तिकीट रद्द केलं.

त्याच महिन्यात हंसाबेननी एक पिशवी आणून दिली. पनवेलच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, तिथल्या आज्यांना कोणीतरी उरलेली लोकर नेऊन दिली होती, त्यांनी चौकोन विणून पाठवले होते. मी जमिनीवर चादर पसरली आणि चौकोन रंगांप्रमाणे लावायला बसले. पिवळा, मग किरमिजी, मग एक निळा. निळ्यापाशी हात थांबला. तो उलटा कलत होता.

मला वाटलं, माझाच जुना चौकोन चुकून यात आला असेल. पण असली निळी लोकर माझ्याकडे कधी नव्हती. कोपरा चिमटीत धरून ताणून बघितला. एक साखळी जास्त. दुसरा कोपरा, एक साखळी जास्त. मग मी वेड्यासारखी सगळी पिशवी उपडी केली. त्यात असे आणखी निघाले, हिरवा, राखाडी, दोन पांढरे, सगळे उलटे, सगळ्यांचे कोपरे सैल. हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अहो, आई पनवेलला आहे."

"काय?"

"आई वृद्धाश्रमात आहे."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. खरं सांगते, मलाही वाटलं की उन्हानं माझं डोकं फिरलंय. डावरी म्हातारी जगात एकच आहे का? मी बाबूला फोन लावला. तो आधी "काय गं ताई" म्हणाला, मग मी विचारलेलं ऐकून भावोजींची तब्येत विचारायला लागला, तेव्हाच मला उत्तर मिळालं. त्याच्या मागे कुठल्याशा परक्या भाषेत माणसं बोलत होती. त्याला मस्कतला नोकरी लागली होती. इकडचा नंबर चालू ठेवून दिवाळीपासून तो तिकडेच होता. वहिनी मुलांना घेऊन कोल्हापूरला तिच्या माहेरी. आई एकटी राहिली, न्हाणीघरात पडली, आणि तिनंच हट्टानं, गावातल्या कोणाच्या तरी ओळखीनं, पनवेलच्या त्या आश्रमात नाव घातलं. "तुला सांगायचं नाही म्हणून तिनं शपथ घातली होती ताई," तो म्हणाला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. मी त्याच्याकडून आश्रमाचा पत्ता लिहून घेतला.

म्हणजे कोंबडी नव्हती. पिल्लं नव्हती. विहिरीत डोकावून बघायला कोणी नव्हतं. दिवाळीपासून दर रविवारी मी घड्या घालत जे ऐकत होते, ते सगळं ती पनवेलजवळच्या एका खाटेवर बसून रचत होती. कौलं काढलेली नव्हती, दाराला कुलूप होतं.

टॅक्सी करून आम्ही ऐरोलीच्या पुलावरून गेलो. वाटेत मी मनात एकेक वाक्य घोकत होते, तिला हे विचारायचं, ते सुनवायचं. आश्रम स्वच्छ होता. पुढच्या पडवीत आई बसली होती, डाव्या हातात सुई, आणि शेजारच्या आजीला म्हणत होती, "अगो, कोपऱ्याक सैल सोड, वाडगो करतंस?" मी समोर उभी राहिले. तिनं चष्म्यावरून बघितलं. सुई लोकरीच्या गुंड्यात खोचली.

"तुका कोणी सांगल्यान?"

मी पर्समधून निळा चौकोन काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उलटसुलट करून बघितला आणि तशा अवस्थेतही म्हणाली, "ह्यो बरो झालो हा."

घोकलेलं सगळं तिथेच राहिलं. मी एवढंच म्हटलं, "आई, का गं खोटं बोललीस?"

तिनं सुटलेली लोकर गुंड्यावर गुंडाळली. मग म्हणाली, "लेकीक तुझा म्हायार बंद झाला म्हणान कसा सांगतलंय? फोनार तरी उघडा रवांदे म्हटलंय."

मी तिथेच, सगळ्या आज्यांसमोर, तिच्या मांडीत डोकं घातलं.

ती मुलुंडला येईल असं मला वाटलं होतं. ह्यांनी तर हात जोडले. ती म्हणाली, "जावयाच्या घरात आजपर्यंत रवाक नाय, आता या वयात रवतलंय?" आणि ह्यांनाच चहा घ्यायचा आग्रह करत बसली, जणू पाव्हणा तिच्या दारात आलाय. आम्ही दर पंधरवड्याला जाऊन येतो. ती थोडी वाळली आहे, पण तिची जीभ शाबूत आहे. तिचे आणि माझे चौकोन मिळून मी एक ब्लँकेट जोडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझे टाके शेजारच्या टाक्यांच्या दिशेनं कलले. ते तिच्यासाठी नेलं, तर माझ्यावरच चिडली. "वाटूक केललो तो वाट. रस्त्यार निजतत तेंका दी. आमी काय, घरात आसंव." घरात. मी ब्लँकेट परत पिशवीत घातलं. ते ब्लँकेट हंसाबेनच्या गठ्ठ्यात गेलं आणि आज कुठल्या फुटपाथवर आहे, मला माहीत नाही.

माझ्यासारखं गाव सोडलेल्या बायांनो, तुम्ही विरारला असा नाहीतर दुबईला, तुमचंही माहेर कोणाच्या तरी तोंडून येत असेल. मला वाटायचं घर तिकडे आहे आणि आई त्याच्या बातम्या देते. खरं म्हणजे ती बोलत होती, म्हणून ते घर होतं. याचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

गेल्या रविवारी मी नेमानं फोन केला. कसं बोलायचं ते कळेना. कोंबडीचं विचारावं तर कुठली कोंबडी? शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं, "आई, मागच्या परड्यातले फणस काढले गं. एक आम्हालाही पाठवला होता. कापा आहे, कडक गरे, काय गोड निघाले!" मी कोणाशी बोलले नव्हते. आम्हाला कोणी फणस पाठवला नव्हता.

मग आईचा आवाज आला, नेहमीसारखा, जरा तिखट.

"कापो खंयचो? मागलो आपलो बरको आसा गो."

"हो गं," मी म्हटलं, "बरकाच. चुकले मी."